शकुंतलेसोबत गेलेला अख्खा दिवस

शकुंतला एक्स्प्रेस गेली, तेव्हा ती गेली असं कोणी म्हटलंच नाही. गेल्या दशकात आधी यवतमाळकडची गाडी थांबली, नंतर अचलपूरकडची. दोन्ही वेळा लोक ‘काही दिवसांसाठी बंद आहे’ असंच धरून चालले. काही दिवसांचे महिने झाले, महिन्यांची वर्षं झाली. आमच्यापैकी अनेकांनी तिच्यातून शेवटचा प्रवास केला, तेव्हा तो शेवटचा आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. माणूस जातो तेव्हा त्याच्याविषयी चार शब्द बोलायची आपल्याकडे रीत आहे. शकुंतलेच्या वाट्याला ते आले नाहीत. निदान मी तरी ते लिहून ठेवतो.

अचलपूर, मूर्तिजापूर, यवतमाळ अशी ती लाइन. मधलं जंक्शन मूर्तिजापूर. तिथून उत्तरेला अचलपूर साधारण ७६ किलोमीटर, आग्नेयेला यवतमाळ ११३ किलोमीटर. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. आजच्या जिल्ह्यांच्या हिशेबाने अमरावती, अकोला, वाशिम आणि यवतमाळ या चारही जिल्ह्यांतून ती जायची. वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा पल्ला गाठायला फार वेळ लागे. नाव एक्स्प्रेस असलं, तरी आमच्याकडे तिला कोणी एक्स्प्रेस म्हणत नसे. ‘शकुंतला आली का?’ एवढंच विचारायचं. घरातल्या बाईचं नाव घ्यावं तसं तिचं नाव घेतलं जाई.

तिच्याविषयी छापून येतं ते बहुधा एकाच गोष्टीवर: भारतातली खासगी मालकीची रेल्वे, इंग्रजांच्या कंपनीची रेल्वे. ते खरंच आहे आणि तो इतिहास मी पुढे सांगतोच. पण अकोला-अमरावतीच्या माझ्या वयाच्या माणसाला शकुंतला आठवते ती वेगळ्या कारणाने. खिशात फार पैसे नसताना, डोक्यावर काही काम नसताना, एका मित्रासोबत अख्खा दिवस काढायचा तर तो तिच्यात काढता यायचा. चिखलदरा होतं, पण तिथे जायला जीप करावी लागे आणि जीप करायला आणखी सहा जण जमवावे लागत. शकुंतलेला दोघं पुरत. तिकीट बसच्या मानाने अगदी किरकोळ. आणि ती सावकाश जायची, म्हणून दिवस पुरून उरायचा.

गाडीच्या जन्माची गोष्ट कापसाची आहे. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही स्टेशनं त्या मुख्य लाइनवर आली. त्याआधीच, १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवीच्या काळात तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर पडली होती. मुख्य लाइन आली तरी दर्यापूर, अंजनगाव, कारंजा, दारव्हा इथला कापूस बंड्यांतूनच यायचा. पावसाळ्यानंतर काळ्या मातीच्या रस्त्यात बंडीची चाकं आसापर्यंत रुतत. तो कापूस लवकर बाहेर काढण्यासाठी किलिक निक्सन या १८५७ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश व्यापारी कंपनीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. १९०३ पासून पुढच्या काही वर्षांत ही लाइन उभी राहिली. गठाणी छोट्या गाडीने मूर्तिजापूरला यायच्या, तिथे मोठ्या गाडीत चढायच्या, मुंबई बंदरात जहाजात पडायच्या आणि मँचेस्टर गाठायच्या.

त्याच मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन पुढे या लाइनवर आलं. १९२३ पासून सत्तर वर्षांहून अधिक काळ ते धावलं आणि १५ एप्रिल १९९४ रोजी थांबलं. त्यानंतर डिझेल इंजिन आलं. ज्यांनी लहानपणी वाफेची शकुंतला पाहिली, ते अजूनही तिच्या शिट्टीविषयी बोलतात आणि डोळ्यांत जाणाऱ्या कोळशाच्या कणांविषयीही. मी दोन्ही शकुंतला पाहिल्या. इंजिन बदललं, चाल बदलली नाही.

१९५१ च्या सुमारास देशातल्या रेल्वे कंपन्या सरकारच्या झाल्या, तेव्हा ही लाइन मात्र कंपनीच्याच मालकीची राहिली. गाडी आपली रेल्वे चालवायची, रूळ कंपनीचे, आणि रुळांच्या वापराचा मोबदला कंपनीला जायचा. स्वतंत्र देशात असं का, हा प्रश्न लोकसभेपर्यंत गेला. त्याच्या उत्तराची वाट पाहता पाहता दुरुस्ती मागे पडत गेली. मालक म्हणणार, चालवणाऱ्याने पाहावं. चालवणारा म्हणणार, मालमत्ता मालकाची. काळी माती तशीही रुळांना जागेवर राहू देत नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवरच्या रुळांची रोज काळजी घ्यावी लागते. ती कमी पडत गेली आणि गाडीचा वेग आणखी उतरत गेला.

पण आम्ही दोघं त्या गाडीत बसायचो, तेव्हा हा हिशेब डोक्यात नसायचा. मी अकोल्याचा, तो दर्यापूरकडच्या एका खेड्याचा. अमरावतीला एकाच कॉलेजात होतो, एका खोलीत राहायचो. दिवाळीनंतर, थंडी पडू लागली की एखाद्या सुटीच्या आदल्या रात्री तो म्हणायचा, ‘उद्या जाऊ.’ मी विचारायचो, ‘कुठी?’ तो म्हणायचा, ‘कुठीच नाही. शकुंतलेत बसू.’ सकाळी अमरावतीहून बडनेऱ्याला, तिथून पॅसेंजरने मूर्तिजापूरला. मोठ्या लाइनच्या फलाटावरून छोट्या लाइनकडे चालत गेलं की आवाज कमी होत जायचा. चार-पाच डब्यांची गाडी उभी असायची. डबा अरुंद, समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघा लागायचा. बायकांच्या पिशव्या, दुधाच्या कॅन, सायकलचं एखादं चाक, लग्नाला निघालेलं वऱ्हाड. गाडी सुटायची वेळ होऊन गेली तरी घाई कोणाला नसायची. एकदा मी गार्डला विचारलं, केव्हा सुटणार? तो म्हणाला, ‘बसा न बाप्पा, गाडी काही पळून नाही रायली.’

गाडीवर मोजकी माणसं असायची आणि सगळी कामं तीच करायची. तिकीट देणं, सिग्नल पाहणं, फाटक लावणं, मूर्तिजापूरला इंजिन सोडून दुसऱ्या बाजूला जोडणं. फाटकाचं काम मी कितीदा पाहिलं असेल, पण कधी कंटाळा आला नाही. रस्ता आडवा आला की गाडी अलीकडेच थांबायची. एक माणूस खाली उतरायचा, चालत पुढे जायचा, दोन्ही बाजूंचं फाटक ओढायचा. अडलेला ट्रॅक्टरवाला त्याला तंबाखू विचारायचा. तो द्यायचा. मग हात हलवायचा. गाडी हळूच फाटक ओलांडून पलीकडे जाऊन थांबायची. हा माणूस फाटक उघडायचा, ट्रॅक्टरला वाट द्यायचा आणि चालत येऊन शेवटच्या डब्यात चढायचा. एवढं होईतो डब्यातली अर्धी माणसं खाली उतरून पाय मोकळे करून आलेली असायची. एखादी म्हातारी वावरातून हाक मारायची, ‘दम धर रे बापा, येऊन रायली मी!’ आणि गाडी दम धरायची. तिला ओढून वर घ्यायला चार हात पुढे व्हायचे.

मूर्तिजापूर सुटलं की लाखपुरी. तिथे पूर्णा नदी, काठावर लक्षेश्वराचं जुनं देऊळ. नदीच्या अलीकडे अकोला जिल्हा, थोडं पुढे गेलं की अमरावती जिल्हा. पुलावर गाडीची चाल आणखी मंद व्हायची. खाली कपडे धुणाऱ्या बायका वर पाहायच्या, पोरं पाण्यातून हात करायची. या भागात गाडगेबाबांनी आयुष्य वेचलं. मूर्तिजापूरचं गोरक्षण त्यांचं, पूर्णेकाठच्या ऋणमोचनचा घाट त्यांचा. पूल आला की डब्यातला एखादा म्हातारा नदीला हात जोडायचा आणि बाबांचं नाव घ्यायचा.

पूर्णेचं हे सगळं खोरं म्हणजे खारपाणपट्टा. जमीन खोल काळी, पीक येतं ते पावसावर आणि जमिनीत धरलेल्या ओलीवर. विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही आणि पिकालाही चालत नाही. म्हणून गाडीत प्रत्येकाजवळ घरून भरून आणलेलं पाणी असायचं आणि ते मागायला कोणी लाजत नसे. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, मध्ये तुरीच्या ओळी. वेचणीच्या दिवसांत शेतं पांढरी झालेली. बाया कंबरेला ओटी बांधून रांगेने पुढे सरकताना दिसायच्या. मित्राने एकदा खिडकीतून एका धुऱ्याकडे बोट दाखवलं. ‘पाह्य, सीतादही करून रायले.’ पहिल्या वेचणीला वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, तो विधी. शेतकऱ्याच्या घरातल्या सगळ्यांची तोंडं हसरी होती. गाडी इतकी हळू होती की तो विधी आम्हाला सुरुवातीपासून जवळजवळ शेवटपर्यंत पाहता आला. बसच्या खिडकीतून असं काही दिसत नाही.

मग बनोसा. दर्यापूरचं स्टेशन हेच. इथे गाडी थोडी जास्त थांबायची. मित्राच्या घरून कोणी ना कोणी डबा घेऊन आलेलं असायचं, कारण निरोप आदल्या दिवशीच गेलेला. ज्वारीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा. शेजारच्यांना विचारल्याशिवाय खायचं नाही, ही डब्यातली रीत. आमच्या भरितात समोरच्या काकूंच्या शेंगदाण्याच्या चटणीची भर पडायची. पुढे कापूसतळणी आणि अंजनगाव. सातपुड्याची निळी ओळ इथून स्पष्ट दिसू लागते. अंजनगाव सुर्जीला आम्ही उतरायचो. परतीची गाडी येईपर्यंत वेळच वेळ. स्टेशनाबाहेर चहा आणि आलुबोंडा, मग गावात भटकंती, देवनाथ मठ, शहानूर नदी, आणि मग पानमळे. या भागातली नागवेलीची पानं आणि पानपिंपरी प्रसिद्ध आहे. पानपिंपरीला आयुर्वेदाच्या औषधांसाठी मागणी असते. मळ्यात शिरलं की बाहेरचं ऊन मागे राहायचं. वेली आधाराच्या झाडांवर चढवलेल्या, सऱ्यांतून पाणी फिरत असलेलं, मळेकरी हाताने एकेक पान खुडत असलेला. खुडलेलं पान तो पालथं करून पाहायचा, डाग असला तर बाजूला टाकायचा. आम्ही बांधावर बसायचो. कोणी विचारायचं, ‘काऊन आले बे पोरांनो?’ आम्ही म्हणायचो, ‘असेच.’ त्याला तेवढं उत्तर पुरायचं.

कधी अंजनगावला न उतरता थेट अचलपूर गाठायचो. पथ्रोट, चमक अशी स्टेशनं मागे टाकत गाडी डोंगराच्या पायथ्याला यायची. अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर, वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. तटबंदीचे दरवाजे, जुने वाडे, जवळच परतवाड्याचा गजबजलेला बाजार, मेळघाटातून उतरलेल्या कोरकू बायकांची रानभाजी. पण खरं सांगायचं तर पोहोचणं हा त्या दिवसाचा उद्देश कधीच नव्हता.

उद्देश काय होता, ते मला फार उशिरा उमगलं. दोन मित्र एकत्र बसले की पहिला तास सगळ्यांचा सारखाच जातो. कॉलेज, सिनेमा, क्रिकेट, कोणाची नक्कल, कोणाची उणीदुणी. दुसऱ्या तासात बोलणं संपतं. दोघं खिडकीबाहेर पाहत राहतात. त्यानंतर जे बोलणं निघतं ते खरं. माझ्या मित्राने त्याचं शिक्षण सुटतंय हे मला खोलीवर सांगितलं नाही, कॅन्टीनमध्ये सांगितलं नाही. बनोसा आणि कापूसतळणीच्या मध्ये सांगितलं. बराच वेळ तो गप्प होता. मग बाहेर पाहतच म्हणाला, ‘मी आता परीक्षेला नाही बसत बे. बाबाच्यानं होत नाही. वावर मलेच पाहा लागते.’ मी काही बोललो नाही. गाडी एका फाटकाशी थांबली, माणूस उतरला, फाटक लागलं, उघडलं, गाडी पुन्हा निघाली. मग त्याने कर्जाचं सांगितलं, बहिणीच्या लग्नाचं सांगितलं, दोन वर्षं बोंड भरलंच नव्हतं तेही सांगितलं. अंजनगाव येईपर्यंत त्याने सगळं सांगितलं. आम्ही त्या दिवशी उतरलोच नाही, तसेच पुढे बसून राहिलो.

त्या वेळी आमच्याकडे शेतकरी आत्महत्या करत होते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम, बुलडाणा आणि वर्धा. शकुंतला ज्या चार जिल्ह्यांतून जायची, ते चारही त्या यादीत होते. जो कापूस वाहून नेण्यासाठी ही लाइन बांधली, तोच कापूस पिकवणाऱ्यांच्या घरांवर ही वेळ आली होती. कर्जाला कर्जमाफी लागते, पिकाला भाव लागतो, पाण्याला कालवा लागतो. त्यांची जागा कोणतीही गाडी घेऊ शकत नाही, हे मी जाणतो. पण कर्जात बुडालेला माणूस आधी बोलणं सोडतो, हेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याला बोलतं करायचं तर त्याच्याजवळ बसावं लागतं, आणि घाई न करता बसावं लागतं. माझा मित्र आज शेती करतो, उभा आहे, त्याची पोरं शिकताहेत. त्याचं श्रेय त्याच्या कष्टांचं आहे, त्याच्या बायकोचं आहे. त्या दिवसाचाही त्यात थोडा वाटा आहे, असं तोच म्हणतो.

म्हणून शकुंतला गेल्याचं दुःख मला केवळ जुन्या वस्तूच्या हौसेपोटी होत नाही. वाफेचं इंजिन, लिव्हरपूलची अक्षरं कोरलेले सिग्नल, जुन्या स्टेशनांच्या दगडी भिंती, हे सगळं जपण्याजोगं आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट गेली. गरीब माणसाला दिवसभराची सोबत परवडेल अशी एक जागा गेली. शहरातला माणूस मित्राला हॉटेलात नेतो, गाडीत घालून फार्महाऊसवर नेतो. खेड्यातल्या दोन मजुरांनी, दोन शेतकऱ्यांनी, माहेरी निघालेल्या दोन मैत्रिणींनी कुठे बसावं? शकुंतलेत बायका मोठमोठ्याने हसायच्या. घरच्या ओसरीवर ज्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, त्या हसायच्या. तिथे त्यांना कोणी हटकत नव्हतं, कारण सगळेच तिथे तेवढ्यापुरते मोकळे होते.

तिच्या उणिवा झाकायचं कारण नाही. मूर्तिजापूरहून अचलपूरला चार-चार तास लागत, त्यामुळे आजारी माणसाला ती उपयोगाची नव्हती. नोकरदाराला वेळेवर पोहोचवू शकत नव्हती. रूळ खराब, डबे जुने, पावसात खोळंबा. या भागातल्या लोकांनी ब्रॉडगेज मागितली ती योग्यच मागितली. २०१६ मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना या लाइनच्या ब्रॉडगेजसाठी सुमारे दीड हजार कोटी रुपये मंजूर झाल्याचं जाहीर झालं. त्या दिवशी आमच्याकडे पेढे वाटले गेले. तेव्हापासून लोक वाट पाहताहेत. शकुंतला सुरू करा म्हणून अचलपूर-अंजनगावच्या लोकांनी निवेदनं दिली, सत्याग्रह केले. जुनी गाडी गेली आणि नवी आली नाही, अशा मधल्या जागी हा मुलूख उभा आहे. आज अंजनगावहून मूर्तिजापूरला जाणारा माणूस बसने जातो आणि तिकिटाला जास्त पैसे मोजतो.

नॅरोगेज म्हणजे टाकून देण्याची गोष्ट, असं मानायचं कारण नाही. दार्जिलिंगच्या छोट्या गाडीला युनेस्कोने १९९९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. आपल्या महाराष्ट्रात नेरळ-माथेरानची १९०७ ची गाडी २०१९ च्या पावसात बंद पडली. रूळ दुरुस्त झाले आणि २०२२ मध्ये ती पुन्हा धावू लागली. त्या गाड्या पर्यटकांच्या आहेत, म्हणून त्यांच्यासाठी पैसा निघाला. आमची गाडी कापूस वेचणाऱ्यांची होती. पण पूर्णेवरून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतचा तो रस्ता, वाटेतले पानमळे, टोकाला अचलपूर आणि पुढे चिखलदरा-मेळघाट, हे सगळं पाहायला महाराष्ट्रातून माणसं येतील. अकोला-अमरावतीतून दरवर्षी शेकडो शाळांच्या सहली निघतात. त्या पोरांना आपल्या आजोबा-पणजोबांचा कापूस कोणत्या रुळांवरून गेला, हे दाखवायला दुसरी जागा नाही.

तेव्हा मागणं दोन आहेत. पहिलं रेल्वेकडे आणि आपल्या लोकप्रतिनिधींकडे. ब्रॉडगेज द्या, लवकर द्या, कारण या भागातल्या शेतमालाला, रुग्णांना आणि विद्यार्थ्यांना ती हवी आहे. पण ती देताना मूर्तिजापूर ते लाखपुरी एवढा तरी छोट्या लाइनचा तुकडा राखून ठेवा आणि त्यावर आठवड्यातून काही दिवस गाडी चालवा. मूर्तिजापूरच्या आवारात तिचे डबे, इंजिन, सिग्नल, तिकिटं आणि कागदपत्रं एका छताखाली आणा. तिच्यावर काम केलेली माणसं अजून हयात आहेत. त्यांच्या तोंडून ऐकून लिहून घ्यायचं काम तर आजच सुरू करता येईल, त्याला मंजुरीही लागत नाही.

दुसरं मागणं वाचकाकडे. तुमचा एखादा मित्र असेल, ज्याच्याशी तुम्ही आता फक्त फोनवर पाच मिनिटं बोलता. त्याच्या घरी कोणतं ओझं आहे, हे तुम्हाला त्या पाच मिनिटांत कळणार नाही आणि तो सांगणारही नाही. गाडी नसली तरी एसटी आहे, सायकल आहे, पाय आहेत. लाखपुरीला जा, ऋणमोचनला जा, अंजनगावच्या मळ्यात जा, नाहीतर तुमच्या गावाजवळच्या नदीवर जा. भाकरी बांधून घ्या आणि फोन पिशवीत ठेवा. पहिला तास गमतीत जाईल, दुसरा गप्प जाईल. तिसऱ्या तासाला तो बोलेल. त्याला अख्खा दिवस द्या.